जंगल राखणाऱ्याला विचारायचं काय?

हवेतला कार्बन झाडांत आणि मातीत साठवायचा, साठलेला टनांत मोजायचा आणि त्याची क्रेडिट्स विकायची, अशा प्रकल्पांची नजर आता आपल्या जंगलांवर आहे. २०३० पर्यंत वनं आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडचा जादा साठा उभा करू, असं भारताने पॅरिस कराराअंतर्गत सांगितलं आहे. पण जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची तयारी आहे का? वनविभाग, वनविकास महामंडळ आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा यांना या प्रकल्पांबद्दल काय वाटतं, ते मोजायचं कसं? पुढच्या संवादातली पुतणी अशीच एक प्रश्नावली घेऊन गडचिरोली-चंद्रपूरला निघाली आहे. काका निवृत्त वनपरिक्षेत्र अधिकारी, उभी नोकरी त्याच पट्ट्यात. दोन्ही पात्रं कल्पित आहेत.

काका : वाचली तुझी प्रश्नावली. पानोपानी ‘कार्बन’ आहे. ‘वणवा’ एकदाही नाही.

पुतणी : मला वणवा नाही मोजायचा, काका. वनव्यवस्थापकाचा दृष्टिकोन मोजायचाय. ‘कार्बन प्रकल्पामुळे माझ्या वनक्षेत्राचा फायदा होईल’ असं विधान द्यायचं आणि विचारायचं : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत की पूर्ण असहमत?

काका : त्याने एका चौकटीत खूण केली की झाला दृष्टिकोन मोजून?

पुतणी : एका खुणेने नाही होत. तोच मुद्दा वेगवेगळ्या विधानांतून फिरवून विचारायचा. निम्मी विधानं उलट्या बाजूने लिहायची, म्हणजे न वाचता सरसकट ‘सहमत’वर टिक मारणारा सापडतो. मग गुणांची बेरीज. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही रीत घालून दिली. त्याआधी १९२८ मध्ये थर्स्टनने दृष्टिकोन मोजता येतो हे ठामपणे मांडलं होतं. शंभर वर्षं होत आली, काका. हे काही परवाचं फॅड नाही.

काका : न वाचता टिक मारणारा सापडेल. नीट वाचून, विचार करून खोटी टिक मारणारा कसा सापडेल? तू बीट गार्डासमोर बसणार. वरून पत्र आलेलं, ‘संशोधकांस आवश्यक ते सहकार्य करावे’. आमच्या खात्यात वरून आलेल्या कागदावर ‘असहमत’ लिहिण्याची रीत नाही.

पुतणी : समोरच्याला बरं वाटेल तेच उत्तर देणं, हा धोका आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून फॉर्मवर नाव नाही. बंद लिफाफा. साहेब खोलीत नाहीत.

काका : नाव नाही, पण बीटचं नाव लिहायला सांगितलंयस. एका बीटला गार्ड किती असतात?

पुतणी : ...एक.

काका : मग नाव गाळून काय उपयोग?

पुतणी : बीट काढते. वनपरिक्षेत्रही काढते. फक्त वनविभाग ठेवते.

काका : बरं. आता खरा मुद्दा. माणूस कागदावर एक लिहितो आणि जंगलात दुसरंच करतो. मी वृक्षारोपणाची कागदं पाहिलीत आणि रोपंही पाहिलीत.

पुतणी : हा आमच्या शास्त्रावरचा सगळ्यात जुना आक्षेप. १९३० नंतर लापियर नावाचा अमेरिकन प्राध्यापक एका चिनी जोडप्याला घेऊन देशभर फिरला. तेव्हा तिकडे चिन्यांबद्दल उघड तिटकारा होता. २५१ हॉटेलं आणि खानावळी झाल्या. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी त्याने त्याच जागांना पत्रं पाठवली : चिनी पाहुणे घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं. १९३४ मध्ये त्याने हे छापलं.

काका : म्हणजे माझंच म्हणणं झालं.

पुतणी : निम्मं. पत्रातला चिनी माणूस मोघम होता. दारात उभा राहिलेला माणूस खराखुरा होता, नीटनेटका, हसतमुख, सोबत गोरा प्राध्यापक. प्रश्न मोघम असला की उत्तर कृतीशी जुळत नाही. म्हणून पुढे आयसेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये चौकट दिली. एकाच वेळी तीन गोष्टी विचारायच्या. हे करणं तुम्हाला स्वतःला कसं वाटतं? ज्यांना तुम्ही मानता त्यांना ते कसं वाटेल? आणि ते करणं तुमच्या हातात किती आहे?

काका : तिसरं बरोबर धरलंय त्याने. आता त्या तिसऱ्यात काय बसतं ते ऐक. आमच्या बदल्यांचा कायदा २००५ चा. एका पदावर साधारण तीन वर्षं. तुझा प्रकल्प समजा चाळीस वर्षांचा. म्हणजे तेरा अधिकारी येऊन जातील. पहिला सही करेल, फोटो काढेल. पाचव्याच्या काळात एप्रिलमध्ये वणवा लागेल आणि पंधरा वर्षांचा कार्बन दोन दिवसांत हवेत जाईल. हिशेब कोण देणार? ज्याच्या टेबलावर तेव्हा फाइल असेल तो. एवढं माहीत असूनही कोणी ‘पूर्ण सहमत’ लिहिलं, तर समजून घे की त्याची बदली जवळ आलीय.

पुतणी : (हसून) बदलीचा प्रश्न घालते. ‘या पदावर किती महिने झाले?’ त्याचा उत्तरांशी ताळा पाहता येईल.

काका : तो घालच. आणि वणव्याचा घाल. जाळरेषा वेळेत झाल्या का, फायर वॉचरला मजुरी वेळेवर मिळाली का. ज्याला तीन महिन्यांच्या मजुरीचा भरवसा नाही, त्याला तू चाळीस वर्षांचं काय वाटतं ते विचारतेस.

पुतणी : पटलं. पण काका, तुमच्या बोलण्यातून असं वाटतं की माणसाचं मन मोजायचंच नाही. झाडाचं तरी काय अचूक मोजता तुम्ही? कार्बन कळायला झाड तोडून, वाळवून, जाळून पाहता का? जमिनीपासून एक मीटर ३७ सेंटिमीटरवर टेप लावता, घेर घेता, सूत्रातून लाकूड काढता, त्याचं वजन काढता, वजनाच्या साधारण ४७ टक्के कार्बन धरता आणि ४४ भागिले १२ ने गुणून कार्बन डायऑक्साइड सांगता. पायरीगणिक अंदाजच की.

काका : अंदाज आहे. पण टेप लावला म्हणून सागाचा घेर बदलत नाही. विचारलं की माणसाचं मत बदलतं. ज्याने ‘कार्बन क्रेडिट’ हे शब्द पहिल्यांदा तुझ्या फॉर्मवर वाचले, त्याचा त्याबद्दल दृष्टिकोन कुठून असणार? तू विचारलंस म्हणून तो तिथल्या तिथे तयार करतो. संध्याकाळी विसरतो. तू मात्र तो आकड्यात मांडून ठेवतेस.

पुतणी : त्यासाठी ‘माहीत नाही’ ही वेगळी चौकट ठेवीन. ‘तटस्थ’मध्ये ते मिसळू देणार नाही.

काका : आणि मग म्हणशील, चाळीस टक्के लोक अनभिज्ञ, जागृती कार्यक्रम हवा. आमच्या खात्याने पन्नास वर्षं हेच केलं. लोक ‘नाही’ म्हणाले की त्यांना समजलं नाही असं धरायचं आणि शिबिर लावायचं.

पुतणी : मग करायचं काय?

काका : मेंढा-लेखाला जा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा दावा मान्य झालेलं गाव, सुमारे अठराशे हेक्टर जंगल. तिथली रीत बघ. आधी अभ्यासगट. विषय कळेपर्यंत बसायचं, बाहेरचा जाणकार बोलवायचा, त्याला उलटे प्रश्न विचारायचे. मग ग्रामसभा. तिथेही बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचा विरोध असेल तर निर्णय थांबतो. आता या गावात तुझा फॉर्म घेऊन जा. शंभर जणांची सरासरी साडेतीन आली. त्या साडेतीनचा अर्थ काय? तिथे एका माणसाचं ‘एक’ बाकी सगळ्यांच्या ‘पाच’ला थांबवू शकतं.

पुतणी : हा मुद्दा मोठा आहे. खात्यात निर्णय साहेबाचा, तर मोजायचं एकक साहेब. ग्रामसभेत निर्णय गावाचा, तर मोजायचं एकक ग्रामसभा. मी दोघांना एकाच पट्टीने मोजायला निघाले होते.

काका : वनव्यवस्थापक म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर खाकी येते. वनहक्क कायद्याने गावालाही व्यवस्थापक केलंय, हे अजून पुष्कळांच्या अंगवळणी पडायचंय. माझ्याही पडायला वेळ लागला.

पुतणी : पण एक सांगते. अभ्यासानंतर मत बदलतं, हेही मोजता येतं. जेम्स फिशकिन नावाच्या अभ्यासकाने १९८८ मध्ये ती रीत सुचवली. आधी विचारायचं, मग दोन्ही बाजूंची माहिती देऊन लोकांना चर्चा करू द्यायची आणि पुन्हा तेच प्रश्न विचारायचे. पहिलं आणि दुसरं उत्तर यांतला फरक महत्त्वाचा. मेंढा-लेखाच्या अभ्यासगटाला जोडून हे करता येईल.

काका : करता येईल, पण दोन्ही बाजूंची माहिती हवी. दुसरी बाजू कोण सांगणार? प्रकल्प कंपनीचा माणूस येतो, त्याच्याकडे स्लाइड असते, जेवणाची सोय असते. विरोधाची बाजू मांडणाऱ्याला प्रवासखर्चही मिळत नाही.

पुतणी : तुमची दुसरी बाजू काय, ते सांगा. मी लिहून घेते.

काका : पहिलं, हा कार्बन कोणाचा? वनहक्क कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या काढून बघ. बांबू आहे, वेत आहे, मध, मेण, लाख, तेंदू आहे, कंदमुळं आहेत. कार्बन नाही. २००६ मध्ये कायदा करताना कोणाला सुचलं नाही. आता खातं म्हणेल जमीन आमची, गाव म्हणेल राखण आमची, कंपनी म्हणेल मोजणी आमची.

दुसरं. अतिरिक्तता म्हणतात ना तुम्ही लोक? प्रकल्प नसता तर जेवढा साठा झाला नसता, तेवढ्याचंच क्रेडिट. ऐकायला रास्त आहे. पण ज्या गावाने आधीच जंगल राखलं, त्याला सांगणार काय? तुमचं तर असंही राहणारच होतं, तुम्हाला फार काही मिळणार नाही. शेजारच्याने तोडून उजाड केलं, त्याच्या ओसाड जमिनीवर मात्र प्रकल्प छान बसतो. हे ऐकल्यावर माझ्या ओळखीच्या राखणदारांचा दृष्टिकोन काय होईल, ते मोजायला फॉर्म लागत नाही.

तिसरं, पैसा कधी? तेंदू संकलनाच्या फळीवर पुडे मोजले की त्याच हंगामात मजुरी हातात पडते. बांबू विकला की ग्रामसभेच्या खात्यात रक्कम येते. कार्बनचं नोंदणी, तपासणी, पडताळणी होऊन पहिलं क्रेडिट निघेपर्यंत वर्षं जातात.

चौथं, बाहेरच्या बाजाराचा भरवसा. २०२३ मध्ये युरोपातल्या वर्तमानपत्रांनी शोध घेऊन मांडलं की वर्षावनं वाचवल्याच्या नावाखाली विकलेली बहुतेक क्रेडिट्स पोकळ होती. प्रमाणपत्र देणाऱ्यांनी ते नाकारलं, पण बाजार घसरला तो घसरला.

पुतणी : चारही मुद्दे बरोबर. आता माझी बाजू. मेघालयात खासी टेकड्यांत उमियाम नदीच्या खोऱ्यात दहा हिमांनी, म्हणजे तिथल्या पारंपरिक राज्यांनी मिळून असाच प्रकल्प घेतला. २०१३ मध्ये त्याला प्लान व्हिवो या मानकाचं प्रमाणपत्र मिळालं. जंगल वणवा, सरपण, कोळसा आणि दगडखाणींनी झिजत होतं. त्यांनी वणवे रोखले, कापलेल्या जंगलाला पुन्हा फुटू दिलं, क्रेडिटच्या पैशातून गावांची कामं केली. हे जमलं, कारण त्या प्रकल्पाआधीच त्यांच्याकडे संस्था होत्या, मॉफलांगची देवराई होती, जमिनीवर हक्क होता. सगळंच फसवं असतं असं नाही.

काका : मी फसवं म्हणत नाही. तिथे आधी मालकी होती, मग कार्बन आला. इथे आधी कार्बन येतोय.

पुतणी : तेच तर मोजायचंय! तुमच्यासारखा अनुभवी माणूस म्हणतो ‘असं होईल’, दुसरा अनुभवी माणूस म्हणतो ‘तसं होईल’. मंत्रालयातल्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. बीट गार्डाचा आवाज तिथे कधी पोचतो? टिपागडच्या पायथ्याच्या ग्रामसभेचा? फॉर्म वाईट असेल, पण बोलावणं न आलेल्या माणसाला तो निदान एक ओळ तरी देतो.

काका : ...हे मान्य. आमच्या काळात कार्य आयोजना लिहिताना गार्डाला कोणी विचारत नव्हतं.

पुतणी : मग मदत करा. मी ‘सहमत-असहमत’ कमी करते आणि निवडीची कार्डं ठेवते. अमेरिकेत खासगी वनमालकांवर असे अभ्यास झालेत. तिथे दिसलं की कराराची मुदत लांबली की तयारी घटते, करार मोडल्यास दंड असेल तर आणखी घटते, पैसा वाढला की वाढते. म्हणजे ‘कार्बन आवडतो का’ हा प्रश्नच नसतो, ‘कोणत्या अटींवर’ हा असतो. हे बघा. कार्ड क : मुदत वीस वर्षं, पैसा कमी, बांबूतोड चालू, वणव्याचं नुकसान कंपनीचं. कार्ड ख : मुदत चाळीस वर्षं, पैसा जास्त, बांबूतोड बंद, वणव्याचं नुकसान ग्रामसभेचं. कोणतं घ्याल?

काका : तिसरं कार्ड कुठाय?

पुतणी : कोणतं?

काका : ‘दोन्ही नको.’

पुतणी : आहे. ते पद्धतीतच आहे, खाली छोट्या अक्षरांत.

काका : मोठ्या अक्षरांत कर, बाकी दोघांएवढ्याच. आणि बांबूतोड ‘बंद’ कशाला? तीन-चार वर्षांचा पक्का बांबू निवडून काढला तर रांजी मोकळी राहते, नवे कोंब येतात. जंगल राखणं म्हणजे कुलूप लावणं, हे ज्याने लिहिलं त्याने बांबूचं बेट पाहिलेलं नाही.

पुतणी : बदलते. ‘नियमानुसार निवडक तोड.’

काका : आणि एक कार्ड तेंदूचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून सोडलं. तेंदूसाठी फांद्या छाटतात, कोवळी पानं यावीत म्हणून जंगलात आग लावतात. गावाने नफ्यावर पाणी सोडलं, बांबूवर भर दिला. त्या गावाला कार्बन हा शब्द कोणी सांगितला नव्हता. तुझ्या पट्टीवर त्यांचा कार्बनविषयक दृष्टिकोन शून्य आला असता, आणि कार्बन मात्र त्यांनीच राखला.

पुतणी : म्हणजे प्रश्नावलीत एक भाग कृतीचा हवा. गेल्या पाच वर्षांत गावाने, खात्याने काय सोडलं, काय सुरू केलं, कशावर स्वतःचा पैसा घातला. मतापेक्षा ते आधी विचारायचं.

काका : आता बोललीस. आणि सगळीकडे झाडच विचारू नकोस. सोलापूरकडे नान्नजच्या माळरानाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला हेक्टरी अकराशे झाडं लावायला सांग. तो चांगला असेल तर नकार देईल, कारण माळढोकाला गवत लागतं, आणि गवताळ रानाचा बराच कार्बन जमिनीखाली असतो. तुझ्या फॉर्मवर तो ‘कार्बनविरोधी’ ठरेल.

पुतणी : अकराशेचा आकडा ग्रीन क्रेडिट योजनेच्या २०२४ च्या नियमातला होता. बरोबर. ‘वृक्षलागवडीला विरोध’ आणि ‘कार्बन साठवणुकीला विरोध’ हे दोन वेगळे रकाने करते.

काका : इतकं केल्यावर माझं एकच मागणं राहतं. सरासरी छापू नकोस.

पुतणी : ते नाही जमणार. सरासरी नसेल तर तुलना करता येत नाही. खातं आणि ग्रामसभा, गडचिरोली आणि सोलापूर, तीन महिने झालेला अधिकारी आणि तीस महिने झालेला. संशोधन कशासाठी मग?

काका : अगं, तू छापशील ‘६८ टक्के व्यवस्थापक अनुकूल’, खाली चार पानं अटी. पहिला आकडा स्लाइडवर जाईल, चार पानं कपाटात. मग कोणीतरी गावात येऊन सांगेल, तुमच्या भागातले अडुसष्ट टक्के तयार आहेत, तुम्हीच मागे का? विचारणं संपतं आणि ढकलणं सुरू होतं.

पुतणी : आणि मी आकडा छापला नाही, तर दुसरा कोणीतरी न मोजताच ‘बहुसंख्य अनुकूल’ लिहील. निदान माझा आकडा खोडता येतो. त्याचा खोडता येणार नाही.

काका : हं.

पुतणी : मी असं करते. एकूण अनुकूलतेचा आकडा मथळ्यात नाही. मथळ्यात अटींवरचे आकडे. वीस वर्षांला किती तयार, चाळीसला किती, वणव्याचं नुकसान स्वतःवर घ्यायला किती, तिसरं कार्ड किती जणांनी उचललं. स्लाइड बनवणाऱ्याने हेच उचलावं.

काका : तेवढं करशील तर मी सोबत येतो. पण केव्हा जायचं ते माझ्यावर सोड. मार्चमध्ये कार्यालयात बिलांशिवाय काही सुचत नाही. एप्रिल-मेमध्ये तेंदू आणि वणवा. पावसाळ्यात रोवणी. दिवाळीनंतर जाऊ. आणि मोह पडायच्या आत निकाल घेऊन परत. ग्रामसभेला आधी दाखवायचा, मग छापायचा.

पुतणी : काका, एवढ्यात विश्लेषण पूर्ण होत नाही. कच्चे आकडे दाखवायची आमच्यात रीत नाही.

काका : कच्च्या माहितीवर चाळीस वर्षांचा होकार मागायची आहे ना?

पुतणी : ठीक आहे. कच्चे आकडे दाखवू, तारीख घालून. ग्रामसभेने हरकत घेतली तर ती अहवालात जशीच्या तशी जाईल, माझ्या निष्कर्षाच्या आधी. पण आकडा तरीही छापेन.

काका : छाप. त्यावर आपण भांडत राहू.